प्रेसखाली बोटं गेली, आता पुढे काय? कामावरच्या अपघाताची भरपाई सोप्या भाषेत

माझ्या मामांच्या उजव्या हाताला अंगठा धरून तीनच बोटं आहेत. २०११ साली सहा माणसांच्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर पत्रा सरकवताना डाय खाली आली आणि तर्जनी व मधलं बोट मुळापासून गेलं. मालकाने स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, बिल भरलं. पंधरा दिवसांनी घरी येऊन २०,००० रुपये दिले आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली. 'मला पूर्ण भरपाई मिळाली, यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही.' मामांनी डाव्या हाताने सही केली. घरात सगळ्यांना वाटलं, माणूस चांगला म्हणून एवढं तरी केलं.

तेव्हा मामांचं वय ४० आणि पगार महिना ७,००० होता. कायद्याच्या तक्त्याप्रमाणे त्यांना दवाखान्याचा खर्च वगळून १,५४,७०३ रुपये मिळायला हवे होते. हा आकडा कसा येतो ते पुढे सांगते. आमच्या घरात तो कुणालाच माहीत नव्हता. मालकालाही नसावा.

मामा आजही म्हणतात, "चूक माझीच होती, हात घालायला नको होता." हे वाक्य मी नंतर कितीतरी कामगारांकडून ऐकलं आणि प्रत्येक वेळी पोटात तुटतं. कारण त्या एका समजुतीपायी माणसं वकिलाचा उंबरठा चढत नाहीत. म्हणून सगळ्यात आधी तेच.

चूक कोणाची, हा प्रश्नच नाही

आपल्याकडे १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याआधी जखमी कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. यंत्र मालकाचं, कागद मालकाचे, साक्षीदार मालकाच्या पगारावर. ते सिद्ध कसं होणार? नव्या कायद्याने हा प्रश्नच बाजूला काढला. कारखाना चालवून नफा मिळवायचा तर त्यात जाणाऱ्या हातापायांचा भारही त्या धंद्यानेच उचलायचा, हा त्यामागचा विचार.

त्यामुळे कामगाराला तीनच गोष्टी दाखवायच्या असतात. मी इथे कामाला होतो. कामामुळे आणि काम चालू असताना मला इजा झाली. माझा पगार आणि वय इतकं होतं. यात 'मालकाने यंत्राला गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं संरक्षण) लावला नव्हता' हे सिद्ध करायची गरज नाही, आणि 'कामगाराचं लक्ष नव्हतं' हे मालकाने सिद्ध केलं तरी भरपाई बुडत नाही.

अपवाद आहेत, पण थोडे. कामगार दारू किंवा नशेच्या अंमलाखाली होता आणि त्यामुळेच अपघात झाला, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा यंत्रावरचा गार्ड मुद्दाम काढला, तर मालक भरपाई नाकारू शकतो. मात्र मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर हे तिन्ही बचाव चालत नाहीत. हे नीट लक्षात ठेवा, कारण घरचा माणूस गेल्यावर 'तो प्यायलेला होता' असं सांगून बायकापोरांना परत पाठवल्याचे प्रसंग घडतात.

कायम कामगार की रोजंदारी, याने फरक पडत नाही. दोन दिवसांपूर्वी कामाला लागलेला हेल्परही यात येतो. बांधकाम, विहीर खोदणं, हमाली, ट्रक चालवणं, ट्रॅक्टर किंवा यंत्रावरचं शेतकाम, ही सगळी कामं कायद्याच्या यादीत आहेत.

कायद्याच्या नावाबद्दल थोडं. २०१० पासून १९२३ च्या कायद्याला 'कर्मचारी नुकसानभरपाई कायदा' म्हणू लागले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा विषय 'सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०' च्या सातव्या प्रकरणात गेला. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला जुन्या कायद्यात 'आयुक्त' म्हणायचे, संहितेत 'सक्षम प्राधिकारी' म्हणतात. मूळ रचना तीच आहे. पण अपघाताची तारीख या दिवसाच्या आधीची की नंतरची, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, कारण अर्ज कोणत्या कायद्याखाली करायचा ते त्यावर ठरतं. या लेखात मी सोयीसाठी 'आयुक्त' हाच शब्द वापरते.

दोन दारं: ईएसआय की भरपाईचा दावा

वकिलाकडे जाण्याआधी एक गोष्ट तपासायची. तुमच्या पगारातून ईएसआय, म्हणजे सरकारी कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापली जाते का? दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा ईएसआय असायला हवा. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि मालक ३.२५ टक्के घालतो.

ईएसआय लागू असेल तर मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. पैसे ईएसआय महामंडळ देतं. अनेकांना हा तोटा वाटतो, पण सरसकट तसं नाही. इथे तारखा पडत नाहीत, मालकाकडे पैसे आहेत की नाहीत याची चिंता नसते आणि उपचार ईएसआयच्या दवाखान्यात होतात. कामावर जाता येत नाही तोवर सरासरी रोजच्या मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात रक्कम आयुष्यभर मिळत राहते. सरासरी मजुरी रोज ६०० धरली, तर तिचे ९० टक्के म्हणजे ५४०. कमाईची क्षमता २० टक्के गेली असं मंडळाने ठरवलं, तर रोजचे १०८, म्हणजे महिन्याला साधारण ३,२४० रुपये. कामगार दगावला तर त्या ९० टक्क्यांतला तीन पंचमांश हिस्सा पत्नीला आणि दोन पंचमांश प्रत्येक मुलाला, एकूण मात्र त्या ९० टक्क्यांच्या आतच.

मंडळाने टक्केवारी कमी लावली तर अपील करता येतं आणि कर्मचारी विमा न्यायालयातही जाता येतं. तेव्हा ईएसआय आहे म्हणून वकील नको, असं समजू नका. दोन बोटं गेलेल्या माणसाला मंडळापुढे पाच मिनिटं मिळतात आणि त्यावर त्याच्या पुढच्या तीस वर्षांचा आकडा ठरतो. तिथे आपलं नेमकं काम काय आहे, कोणती पकड आता जमत नाही, हे कुणीतरी नीट लिहून दिलेलं असावं.

खरी अडचण वेगळीच. कामगाराचं नाव ईएसआयमध्ये कामाच्या पहिल्या दिवशी चढायला हवं, पण पुष्कळ ठिकाणी ते अपघात झाल्यावर घाईघाईने चढवलं जातं. गुरुग्राम-मानेसर आणि नंतर पुण्याच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या पट्ट्यात काम करणाऱ्या 'सेफ इन इंडिया' या संस्थेने जखमी कामगारांशी बोलून हे वारंवार नोंदवलं आहे. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर घाबरू नका. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. महामंडळ कामगाराला लाभ देऊन ते मालकाकडून वसूल करू शकतं. मात्र तुम्ही खरोखर कधीपासून कामाला होतात याचा पुरावा तुमच्याकडे हवा.

ईएसआय लागू नसेल, म्हणजे आस्थापना लहान आहे किंवा पगार मर्यादेच्या वर आहे, तर दुसरं दार. मालकाविरुद्ध भरपाईचा दावा.

हिशोब कसा होतो

हा हिशोब पाचवीच्या मुलालाही जमेल, फक्त तक्ता समोर हवा. मृत्यू झाला असेल तर पगाराचे ५० टक्के, कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराचे ६० टक्के, आणि त्याला वयाप्रमाणे येणाऱ्या एका आकड्याने गुणायचं. हा आकडा कायद्याच्या परिशिष्टात दिलेला आहे. वय २० असेल तर २२४, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. तरुण माणसाची कमाईची वर्षं जास्त उरलेली, म्हणून त्याचा आकडा मोठा.

अपंगत्व अंशतः असेल तर पूर्ण अपंगत्वाच्या रकमेचे तेवढे टक्के. कोणत्या इजेला किती टक्के, याचीही यादी आहे. अंगठा गेला तर ३०, एका हाताची दोन बोटं गेली तर २०, चार बोटं गेली तर ५०, पूर्ण पंजा गेला तर ६०. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०.

आता मामांचा हिशोब. ७,००० चे ६० टक्के म्हणजे ४,२००. गुणिले १८४.१७ म्हणजे ७,७३,५१४. त्याचे २० टक्के १,५४,७०३.

पगार कितीही असला तरी हिशोबासाठी एक कमाल मर्यादा धरतात. मामांच्या वेळी ती ८,००० होती. ३ जानेवारी २०२० पासून केंद्र सरकारने ती १५,००० केली. म्हणजे महिना २५,००० कमावणाऱ्याचाही हिशोब १५,००० वरच. मला ही मर्यादा अन्यायाची वाटते. पंधरा हजारांत आज पुण्यात घरभाडं आणि किराणा जेमतेम निघतो. सरकार अधिसूचना काढून ही मर्यादा बदलू शकतं, म्हणून दावा लिहिताना अपघाताच्या दिवशी कोणता आकडा लागू होता हे वकिलाकडून तपासून घ्या.

या १५,००० वर ३० वर्षांच्या कामगाराची दोन बोटं गेली तर: ९,००० गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२०, त्याचे २० टक्के ३,७४,३६४ रुपये. तोच कामगार दगावला तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च यात धरलेला नाही. तो मालकाने वेगळा द्यायचा असतो. दवाखान्याचं बिल भरलं म्हणून भरपाईतून तेवढे वजा करतो, असं कुणी म्हटलं तर ते चुकीचं आहे.

टक्केवारीची यादी हा शेवटचा शब्द नाही, आणि चांगल्या वकिलाचा उपयोग इथेच सगळ्यात जास्त होतो. ओडिशात एका सिनेमागृहात सुतारकाम करताना एक कामगार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. यादीप्रमाणे ही इजा पूर्ण अपंगत्वात बसत नव्हती. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता १०० टक्के गेली, असं आयुक्ताने धरलं आणि डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. हात किती टक्के गेला हा एक प्रश्न, आणि त्या हाताने तो माणूस जे काम करून पोट भरत होता ते काम किती गेलं, हा दुसरा. डॉक्टरच्या दाखल्यात बहुतेक वेळा फक्त पहिल्याचं उत्तर असतं. दुसऱ्याचं उत्तर डॉक्टरांच्या साक्षीतून आणि तुमच्या कामाच्या वर्णनातून काढावं लागतं. ट्रकचालकाचा पाय आखडला, वेल्डरची नजर अधू झाली, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावरचा आकडा मुकाट्याने मान्य करू नका.

पहिले काही दिवस, पहिले काही कागद

दावा कोर्टात नंतर चालतो. तो उभा राहतो की नाही, हे मात्र दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवरच बरंचसं ठरतं.

अपघातानंतर कामगार कळवळत असतो आणि सोबत आलेला सुपरवायझर डॉक्टरला सांगतो, 'घरी पडला' किंवा 'गाडीवरून घसरला'. कारखान्यावर चौकशी नको म्हणून असं सांगितलं जातं. ते वाक्य केसपेपरवर उमटतं आणि पुढे वर्षभर, 'डॉक्टरसाहेब, मी प्रेसवर काम करत होतो' हे पटवत बसावं लागतं. म्हणून कामगाराने किंवा घरच्या कुणीतरी स्वतः डॉक्टरला सांगायचं: कोणत्या कंपनीत, कोणत्या यंत्रावर, किती वाजता. अशी केस एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर केस) म्हणून नोंदवा असा आग्रह धरायचा. एमएलसी झाली की पोलिसांकडे कळवलं जातं आणि जबाब, पंचनामा असे कागद तयार होतात. चुकीचं आधीच लिहून झालं असेल तर लगेच लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागा आणि त्या अर्जाची पोच घ्या.

मालकाला लेखी सूचना द्यायची. साध्या कागदावर तारीख, वेळ, जागा, काय झालं आणि कुठे लागलं एवढं लिहून स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. सूचना दिली नाही म्हणून दावा आपोआप बुडत नाही, विशेषतः अपघात मालकाच्याच आवारात झाला असेल किंवा त्याला तो माहीत असेल तर. तरी द्या.

मग कामाला होतो याचा पुरावा. इथे पुष्कळ जण हात टेकतात, कारण नेमणूकपत्र नसतं आणि पगार रोख मिळतो. पण आजकाल पुरावा खिशातल्या मोबाइलमध्येच असतो. ठेकेदाराने फोन-पे किंवा गुगल-पे वर पाठवलेले पैसे, 'उद्या फर्स्ट शिफ्ट' असा व्हॉट्सॲपवरचा निरोप, कारखान्याच्या गणवेशात काढलेला फोटो, गेटपास, हजेरी कार्ड, डब्याच्या मेसचं खातं, खोलीमालकाची साक्ष. यातलं काहीही चालतं. मोबाइल बदलण्याआधी, चॅट पुसण्याआधी ते दुसरीकडे उतरवून ठेवा. सोबत काम करणाऱ्या दोघांचे नंबर आणि गावचे पत्ते लिहून घ्या, कारण सहा महिन्यांनी ते त्या कंपनीत असतीलच असं नाही. पगाराचा काहीच पुरावा नसेल तर त्या कामाचं सरकारने ठरवलेलं किमान वेतन हिशोबाला आधार म्हणून घेतलं जातं.

कारखान्यातल्या गंभीर अपघाताची खबर मालकाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही द्यायची असते. तिथला निरीक्षक येऊन पाहणी करतो आणि त्याचा अहवाल पुढे फार उपयोगी पडतो. मालकाने कळवलं नसेल तर कामगार किंवा घरचे तिथे तक्रार करू शकतात.

'तो आमचा माणूसच नाही'

मालकाचं पहिलं उत्तर बहुधा हेच असतं. माणूस ठेकेदाराचा होता, ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराचा फोन बंद.

कायद्याने हे आधीच ओळखलेलं आहे. ज्याच्या धंद्याच्या कामासाठी ठेकेदार आणला, तो मूळ मालक भरपाई द्यायला बांधील आहे. नंतर त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांच्यातला मामला. म्हणून अर्जात दोघांनाही सामनेवाले करायचं आणि मालकाने विमा काढला असेल तर विमा कंपनीलाही.

रस्त्यावरचा अपघात हा वेगळा गुंता. ट्रकचालक किंवा क्लीनर गाडीवर असताना गेला तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेही दावा करता येतो आणि आयुक्ताकडेही, पण दोन्हीकडे नाही. एक निवडावं लागतं. मोटार अपघाताच्या दाव्यात १५,००० ची मर्यादा नाही, पण साधारणपणे दुसऱ्याची चूक दाखवावी लागते, आणि मुदत फक्त सहा महिन्यांची आहे. ही निवड वकिलाला विचारल्याशिवाय करू नका.

कामावर जाताना किंवा घरी परतताना अपघात झाला तर? यावर वर्षानुवर्षं उलटसुलट निकाल होते. धाराशिव जिल्ह्यातला एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी मोटारसायकलने साखर कारखान्यावर निघाला होता. त्याची ड्युटी पहाटे ३ ते सकाळी ११. कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात तो गेला. आयुक्ताने ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केलं, उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केलं. येण्याजाण्याची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळत असेल तर तो अपघात कामावरचाच, असं न्यायालय म्हणालं. संहितेत आता हे थेट लिहिलेलं आहे. त्या पहारेकऱ्याच्या पत्नीला मात्र या निकालासाठी बावीस वर्षं लढावं लागलं.

स्टॅम्पपेपरवरच्या सहीचं काय?

आपला भरपाईचा हक्क सोडून देतो, असा करार कामगाराने केला तरी कायद्याच्या दृष्टीने तो रद्दबातल आहे. भरपाईची एकरकमी तडजोड करायची असेल तर तिची नोंद आयुक्ताकडे व्हावी लागते. रक्कम अपुरी आहे किंवा दबावाखाली सही घेतली आहे असं दिसलं तर आयुक्त नोंद नाकारतो. नोंदच केली नसेल तर मालकावर पूर्ण भरपाईची जबाबदारी कायम राहते आणि आधी दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त रक्कम त्याला साधारणपणे वजाही करता येत नाही.

मृत्यूच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. रक्कम आयुक्ताकडेच भरायची. मालकाने तिसऱ्या दिवशी घरी येऊन विधवेच्या हातात पाकीट ठेवलं, तर ती भरपाई धरली जात नाही. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल एवढाच त्याला अपवाद आहे.

म्हणजे मामांची ती सही २०११ साली काही कामाची नव्हती. आम्ही तो कागद वकिलाला दाखवला २०१६ मध्ये. त्यांनी वाचला आणि आधी तारीख विचारली. दावा करायची मुदत अपघातापासून दोन वर्षांची असते. पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळा पुरावा, वेगळ्या तारखा. मामा म्हणाले, "राहू दे आता." आम्ही फार जोर केला नाही. आज वाटतं, करायला हवा होता.

सिलिकोसिससारखा धंद्यातून होणारा आजार किंवा यंत्रांच्या आवाजाने गेलेले कान हेही अपघातासारखेच धरले जातात. तिथे मुदत मोजायची सुरुवात वेगळी होते, म्हणून आजार जुना आहे एवढ्यावरून हक्क संपला असं ठरवू नका.

मदत कुठे मिळते आणि वकिलाला काय द्यायचं

पैसे नाहीत म्हणून वकील नाही, हे कारण कायद्याने ठेवलेलं नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगार, स्त्रिया, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जखमी कामगार किंवा गेलेल्या कामगाराची पत्नी यांपैकी कशात ना कशात बसतेच. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात समिती असते. १५१०० या नंबरवर फोन करूनही सुरुवात करता येते.

हा वकील फुकटचा म्हणजे कच्चा, असं अनेकांच्या मनात असतं. मी पाहिलेले काही पॅनेलवरचे वकील फार तळमळीचे होते. काहींना मात्र भरपाईच्या कामाचा सराव नव्हता. म्हणून वकील कुठलाही असो, पहिल्या भेटीत विचारा: तुम्ही कामगार भरपाईचे दावे चालवलेत का, आणि डॉक्टरची साक्ष कशी घेणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला नीट देता येतं, त्याच्याकडे केस द्यायला हरकत नाही.

खासगी वकील लावला तर फी आधी ठरवा आणि शक्य तर लिहून घ्या. 'जी रक्कम मिळेल त्यातले तीस टक्के माझे' असा सौदा सर्रास चालतो. भारतात वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. दवाखान्याच्या दारात कार्ड घेऊन उभे असणारे एजंट तर त्याहून वाईट. जखमी माणसाच्या खाटेशेजारी कोऱ्या वकालतनाम्यावर अंगठा घेतला जातो, हे ऐकून माझं डोकं फिरतं. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही करून देऊ नका आणि एटीएम कार्ड कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

वकील नसला तरी नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारी आयुक्तापुढे कामगाराची बाजू मांडू शकतो. तुमच्या भागात चांगली युनियन असेल तर तिथे आधी जा. त्यांना कोणत्या कारखान्यात काय चालतं हे वकिलापेक्षा जास्त ठाऊक असतं. बांधकाम कामगाराची राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर मंडळाची मदत वेगळी आहे, आणि ती मिळाली म्हणून मालकाकडची भरपाई सुटत नाही.

दावा कुठे दाखल करायचा? अपघात झाला तिथे, मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे, किंवा कामगार वा त्याचं कुटुंब राहतं तिथे. ही शेवटची सोय फार मोलाची आहे. बीडचा माणूस कर्नाटकात ऊसतोडीला गेला आणि तिथे ट्रॅक्टरखाली सापडला, तर त्याच्या बायकोला बेळगावच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. ती आपल्या जिल्ह्यातच अर्ज करू शकते. महाराष्ट्रात काही ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश हे काम पाहतात, तर काही जिल्ह्यांत दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. तुमच्याकडे कोण, हे विधी सेवा प्राधिकरणाच्या खिडकीवर विचारलं की कळतं.

निकाल लागला, पैसे कधी?

कायदा म्हणतो, तीन महिन्यांत निकाल द्या. प्रत्यक्षात वर्षं जातात, हे आधीच मनाशी धरून चाला. पण त्या काळात रक्कम नुसती पडून नसते. अपघातापासून महिनाभरात मालकाने भरपाई दिली नाही तर त्यावर दरसाल किमान १२ टक्के व्याज चढतं. उशिराला समर्थनीय कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागतो आणि तोही कामगारालाच मिळतो. विमा असेल तर भरपाई आणि व्याज विमा कंपनी देते, दंड मात्र मालकाच्या खिशातून. हा दंड अर्जात मागायला काही वकील विसरतात. तुमच्या अर्जात ती ओळ आहे ना, ते दाखल करण्याआधी वाचून बघा.

मालक उच्च न्यायालयात अपिलाला गेला तर त्याला आधी मंजूर झालेली रक्कम आयुक्ताकडे भरावी लागते. अपिलाची मुदत ६० दिवस. निकालानंतरही त्याने पैसे भरले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होतात. आयुक्ताचा वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि पुढे तहसीलदार जप्तीची कारवाई करू शकतो. हा दाखला आपोआप निघत नाही, त्यासाठी अर्ज द्यावा लागतो, आणि तो तहसील कार्यालयात पोचला की नाही याचा पाठपुरावाही आपणच करायचा असतो.

मृत्यूच्या दाव्यात रक्कम कोणाला किती, हे आयुक्त ठरवतो. पत्नी, अज्ञान मुलं, अविवाहित मुलगी, विधवा आई यांचा विचार आधी. अज्ञान मुलांचा हिस्सा बहुतेक वेळा बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतात. मध्येच मुलीच्या कॉलेजची फी आली किंवा आजारपण निघालं तर त्यातून पैसे काढायची परवानगी मागता येते. त्यासाठी साधा अर्ज, फीची पावती किंवा दवाखान्याचा अंदाजखर्च आणि ठेवीची झेरॉक्स एवढं जोडायचं, आणि त्याच आयुक्ताच्या ऑफिसात नेऊन द्यायचं.